आजीच्या ट्रंकेतली मुखपृष्ठं : नजर का हटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजीच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत साठेक दिवाळी अंक सापडले, साधारण १९५० ते १९७५ या काळातले. कथा वाचायला घेतल्या तर दहा पानांत मन उडतं. मुखपृष्ठं आणि आतली चित्रं मात्र पुन्हा पुन्हा बघावीशी वाटतात. ही नुसती जुन्याची ओढ आहे, की त्या चित्रांत खरंच काही आहे? आणि मुखपृष्ठं कापून, फ्रेम करून दिवाणखान्यात लावावीत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई आहे. कापू नका. का ते पुढे सांगतो, पण आज कात्री आणि पट्टी बाजूला ठेवा.

आता पहिला प्रश्न. चित्रांत खरंच काही आहे. मी १९८१ पासून मासिकांसाठी चित्रं काढतो आहे. सुरुवात गिरगावातल्या एका छोट्या स्टुडिओत हाताखालचा पोऱ्या म्हणून झाली. ब्रश धुवायचे, ब्लॉकमेकरकडे, म्हणजे चित्रावरून छपाईचा धातूचा ठसा बनवणाऱ्याकडे, चित्रं पोचवायची, प्रूफ घेऊन यायची, ही कामं. ब्लॉकच्या छपाईचा तो शेवटचा काळ. ऑफसेट, म्हणजे अशा ठशाशिवाय सपाट पत्र्यावरून होणारी छपाई, आली होती, पण सगळ्यांना परवडत नव्हती. त्यामुळे तुमच्या ट्रंकेतली चित्रं ज्या रीतीने तयार झाली, ती रीत मी हाताने केलेली आहे. माझं उत्तर तिथूनच येतं.

आधी एक करून बघा. ट्रंकेतले आठ-दहा अंक भिंतीला टेकवून ओळीने उभे करा आणि दहा पावलं मागे जा. एवढ्या अंतरावरून कोणती मुखपृष्ठं ओळखू येतात, कोणती नुसता रंगांचा काला होतात, ते पाहा. बहुतेक ओळखू येतील, कारण ती याच अंतरासाठी काढलेली होती. दादर स्टेशनबाहेर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात दिवाळीच्या आधी विक्रेते सुतळी बांधून, चिमटे लावून अंक टांगायचे. एका सुतळीवर पंधरा-वीस अंक. गाडी पकडायला निघालेला माणूस चालता चालता एक नजर टाकणार. तेवढ्या वेळात त्याचे पाय अडकले पाहिजेत. म्हणून एक मोठा आकार, एक ठळक गडद-उजेड आणि नजर येऊन टेकेल अशी एकच जागा, बहुधा चेहरा किंवा दिवा.

आता तोच अंक हातात घेऊन मांडीवर ठेवा. लांबून जे दिसलं त्यात भर पडत जाते. साडीचा काठ, कानातली कुडी, तबकातल्या फुलांच्या पाकळ्या, कोपऱ्यातली चित्रकाराची सही. दिवाळी अंक एकदा घरात आला की वर्षभर राहायचा, शेजारीपाजारी फिरायचा, पाहुण्यांच्या हातात पडायचा, दुपारी कुणीतरी तो छातीवर उपडा ठेवून झोपी जायचं. म्हणजे दुकानातलं क्षणभर बघणं आणि घरातलं वर्षभर बघणं, दोन्ही एकाच कागदावर सांभाळायचं होतं. ज्या चित्रकाराला हे जमलं त्याचं मुखपृष्ठ आज तुमच्या हातातही तसंच काम करतंय. आजच्या मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याएवढं झालेलं मुखपृष्ठही त्या सुतळीवरच्या अंकासारखंच लांबून पाहिलं जातं, म्हणून जुनी मुखपृष्ठं तिथेही उठून दिसतात.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते छपाईबद्दल. हे चित्रकलेच्या शाळेत सहसा शिकवत नाहीत आणि रसिकांच्या बोलण्यातही येत नाही.

एखादं भिंग मिळालं तर मुखपृष्ठावरचा गाल त्यातून बघा. त्वचेचा रंग नाहीसा होईल आणि पिवळे, लाल, निळे ठिपके दिसतील. मूळ चित्राचे रंगीत काचांमधून वेगवेगळे फोटो घ्यायचे, बारीक जाळी मध्ये धरून. त्या फोटोंवरून तांब्याच्या पत्र्यावर ठिपके उमटवायचे, नको तो भाग आम्लाने खायचा आणि पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. हा हाफटोन ब्लॉक. पिवळ्याचा एक, लालचा एक, निळ्याचा एक, आणि ऐपत असेल तर काळ्याचा चौथा. कागद प्रत्येक रंगासाठी मशीनमधून वेगळा जायचा. पिवळी शाई वाळली की लाल, ती वाळली की निळी. पावसाळा लांबला तर शाई वाळत नसे, आणि दिवाळी तर तोंडावर आलेली. बाइंडिंगखान्यात एकमेकांना चिकटलेली मुखपृष्ठं हलक्या हाताने सोडवायचं काम मी केलेलं आहे.

प्रत्येक वेळी कागद त्याच जागी बसला पाहिजे. याला आम्ही रजिस्टर म्हणतो. केसाएवढा फरक पडला तरी ओठांचा लाल रंग हनुवटीवर येतो. माझ्या पहिल्याच रंगीत मुखपृष्ठाचं हे झालं. मी हिरव्या शालूला लागून केशरी पदर काढला होता. दोन्ही रंग कडेला कड लावून, मध्ये काही नाही. छापून आलं तेव्हा सगळ्या पदराच्या कडेने पांढरी फट. हजारो प्रती छापून झालेल्या, परत छापायला पैसे नव्हते, अंक तसाच बाजारात गेला. मी दोन दिवस स्टुडिओत तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी थोरल्या चित्रकारांनी बोलावलं, रागावले नाहीत. कपाटातून पंधरा-वीस जुने अंक काढून माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, ‘दोन रंग भेटतात तिथे काय केलंय, तेवढंच बघ.’

मी दिवसभर तेच बघितलं. कुठे दोन रंगांच्या मध्ये गडद रेघ होती. कुठे एक रंग दुसऱ्याच्या पोटात थोडा शिरलेला होता. कुठे मुद्दाम कागदाची पांढरी पट्टी सोडली होती, म्हणजे रंग हलला तरी ती पट्टी जराशी रुंद किंवा अरुंद होईल, चूक दिसणार नाही. ज्या रेषेला मी तोवर शैली समजत होतो ती छपाईची गरज होती, आणि मोठ्या चित्रकारांनी त्या गरजेचंच सौंदर्य केलं होतं. तुम्हाला त्या चित्रांत जो ठामपणा जाणवतो, त्याचं एक मूळ इथे आहे. मशीन दयामाया करणार नाही हे माहीत असल्यामुळे प्रत्येक कड, प्रत्येक रंग आधी ठरवलेला असायचा. नंतर दुरुस्त करू म्हणायची सोय नव्हती.

दिनानाथ दलालांची मुखपृष्ठं या नजरेने बघा. तुमच्या ट्रंकेत ‘दीपावली’ असणारच. दलाल मूळचे गोव्याचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, आणि १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक सुरू केला. त्यांच्या चित्रांत रंगाचे मोठे सपाट भाग असतात आणि त्यावरून ब्रशची एक रेघ जाते, जी खांद्यावर जाड, कोपरापाशी बारीक, बोटांशी जवळजवळ नाहीशी होते. बसलेल्या बाईची पाठ ते एका रेघेत काढत. ती रेघ मी शेकडो वेळा गिरवली आहे. हात वळतो, पण त्यांना जिथे थांबता यायचं तिथे थांबता येत नाही. एकाच अंकात ते राजस्थानी लघुचित्रासारखी नायिका काढत आणि पुढच्या पानावर पाश्चात्त्य आधुनिक चित्रकारांसारखा चौकोनी, तुटक आकारांचा गाव. वाचकाला हे झेपेल का, अशी धास्ती त्यांना वाटत नसावी. मराठी मध्यमवर्गातल्या कित्येक घरांत आधुनिक चित्रकलेची पहिली ओळख अशी, चकली खाता खाता, झालेली आहे. कलादालनाची पायरी कधी न चढलेल्या माणसांना दलालांनी चित्र कसं बघायचं ते शिकवलं, आणि हे त्यांचं ऋण आपण पुरेसं मान्य केलेलं नाही असं मला मनापासून वाटतं. १९७१ साली ते गेले, अवघ्या चौपन्नाव्या वर्षी.

रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच, त्यांच्याहून दोनेक वर्षांनी लहान. पण वाट अगदी निराळी. त्यांच्या चित्रात रेघ शोधून सापडत नाही. हवेच्या दाबाने रंगाचा फवारा मारून गाल, मान, रेशीम असं घडवायचे की कुठे ब्रश टेकला हे कळू नये. ज्या भागावर रंग नको तो कापलेल्या कागदाने झाकायचा, फवारा मारायचा, झाकण काढायचं, पुढचा भाग झाकायचा. एका चेहऱ्याला अशी कितीतरी झाकणं. त्यांनी देवादिकांची कॅलेंडरं केली, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं केली, आणि ‘रत्नप्रभा’ हा स्वतःचा दिवाळी अंक काढला. एकाच हाताने काढलेली लक्ष्मी देवघरात आणि पिस्तूल रोखलेला नायक उशीखाली, हे त्यांच्याच बाबतीत घडलं.

दलाल थोर की मुळगावकर, हा वाद माझ्या तरुणपणी तासन्‌तास चालायचा. मी दलालांच्या बाजूचा आहे, लपवत नाही. पण ब्लॉकमेकर मंडळी मुळगावकरांचं चित्र आलं की कंबर कसून बसत, कारण त्यातल्या छटा ठिपक्यांत उतरवणं ही त्यांची परीक्षा असायची. हे मी जुन्या ब्लॉकमेकरांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ‘दीपावली’ दलालांचा, ‘रत्नप्रभा’ मुळगावकरांचा. म्हणजे चित्रकारच अंकाचा मालक. त्याआधी १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू करणारे शंकरराव किर्लोस्करही चित्रकार आणि व्यंगचित्रकार होते. कारखान्याच्या त्या छोट्या पत्रिकेतून पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ असं तीन मासिकांचं घर उभं राहिलं. संपादकाच्या खुर्चीतच चित्र कळणारा माणूस बसलेला असला की चित्राला उरलेली जागा भरायला बोलावत नाहीत. कागद कुठला, कथेला पानं किती, चित्राला किती, हे सगळं एकत्र ठरतं. माझ्या उमेदीच्या काळात बहुतेक ठिकाणी उलट होतं. मजकूर लागला, पान अर्धं रिकामं राहिलं, ‘एक चित्र टाका तिथे’. त्या चित्रांकडे आज कुणी वळून बघत नाही, आणि मीसुद्धा बघत नाही.

मराठी माणसाची नजर या चित्रांसाठी आधीच तयार झाली होती, हेही खरं. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला. तिथली सरस्वती-लक्ष्मीची शिळाप्रेसवरची चित्रं घराघरांच्या भिंतींवर लागली. पुढे १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काशीनाथ रघुनाथ मित्रांनी काढला आणि दिवाळीला फराळाबरोबर वाचनाचीही प्रथा पडली. छापील चित्र ही घरात आणायची, जपायची वस्तू आहे, हे लोकांना तोवर पटलेलं होतं. पुढे १९३५ मध्ये जे. जे. त व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि छपाईसाठी चित्र काढणं हा शिकण्याचा विषय झाला.

आता आतल्या चित्रांकडे वळा, कारण माझं खरं प्रेम तिथे आहे.

मुखपृष्ठाला आर्ट पेपर, म्हणजे गुळगुळीत कागद, मिळायचा, आत मात्र खरखरीत कागद. त्यावर बारीक जाळीचा हाफटोन टिकत नाही. ठिपक्यांमधल्या फटी शाईने भरतात आणि चित्राचं काळं थारोळं होतं. म्हणून आत जस्ताचा लाइन ब्लॉक. त्यात फक्त काळं आणि पांढरं. मधलं काहीच नाही. करडा रंग हवा असेल तर तो चित्रकाराने स्वतः घडवायचा. जवळजवळ रेघा मारून, ठिपके टाकून, किंवा ब्रश कोरडा करून खरखरीत कागदावर ओढून. शेवटच्या प्रकाराला आम्ही ड्राय ब्रश म्हणतो. म्हाताऱ्याचे केस, गोधडी, पावसात भिजलेली भिंत, जुन्या लाकडाचा दरवाजा, हे सगळं त्या कोरड्या ब्रशमधून यायचं. एका बाटलीतल्या काळ्या शाईत संध्याकाळ उतरवायची होती. तुमच्या अंकांतली चांगली कथाचित्रं शोधा आणि त्यांत चित्रकाराने काय काढलेलंच नाही ते बघा. खोलीत खाट आहे, कंदील आहे, भिंत नाही. तरी भिंत दिसते.

कोणता क्षण काढायचा हा कथाचित्रातला सगळ्यात अवघड निर्णय. मला शिकवलेला नियम असा होता : कथा तीनदा वाचायची, तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घ्यायची नाही. जे घडतं ते काढायचं नाही, घडण्याच्या आधीचं काढायचं. सून घर सोडून जाते अशी कथा असेल तर ती जाताना काढली की लेखकाचा शेवट आपणच फोडला. त्याऐवजी ती चूल सारवत बसली आहे, पाठमोरी, आणि उंबऱ्याशी ट्रंक आहे. वाचक पान उलटताना ते चित्र बघतो, ट्रंक त्याच्या ध्यानात येत नाही. कथा संपल्यावर तो मागे येतो आणि मग ती ट्रंक त्याला दिसते. वाचक मागे येणं, यासाठी आम्ही काम करायचो. तुम्ही कथा न वाचता चित्रं बघताय, म्हणजे निम्मं चित्र बघताय. जे चित्र सगळ्यात आवडलं असेल, निदान त्याची एक कथा पुरी वाचा. मग ते परत बघा.

लहान मुलांच्या मासिकांत ही गोष्ट आणखी ठळक होते. ‘चांदोबा’ वाचलेल्या कुणालाही डोळे मिटायला सांगा आणि विक्रम-वेताळ म्हणा. सगळ्यांना एकच चित्र दिसेल : रात्र, स्मशान, हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि मागे वळून बघणारा राजा. ते के. सी. शिवशंकरन यांचं, म्हणजे ‘शंकर’ अशी सही करणाऱ्या चित्रकाराचं. महिनोन्‌महिने तेच चित्र कथेच्या माथ्यावर येत राहिलं आणि कित्येक भाषांतली मुलं त्याच एका राजाबरोबर मोठी झाली. बालभारतीच्या ‘किशोर’चंही तसंच; १९७१ पासूनचा तो खजिना आता घरबसल्या बघता येतो. मुलांना दाखवा.

हसऱ्या मुखपृष्ठांबद्दल थोडं. शि. द. फडणीसांचं १९५२ च्या ‘मोहिनी’चं मुखपृष्ठ तुमच्या ट्रंकेत असेल तर ते मऊ कापडात गुंडाळून ठेवा. तरुणीच्या साडीवर मांजरं, तरुणाच्या शर्टावर उंदीर. एक शब्द नाही. हे चित्र ज्याने पाहिलं त्याच्या चेहऱ्यावर तीन सेकंदांनी हसू येतं, आणि ते तीन सेकंद हीच त्यातली कारागिरी. नजर आधी माणसांवर जाते, मग कपड्यांवर, मग दोन्ही जोडली जातात. हा क्रम रंगांनी आणि आकारांनी बांधलेला आहे. तो उलटा झाला असता तर चित्र फसलं असतं. फडणीस मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे. त्यांचं शब्दाविण हसणं कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतं. मी हे मुखपृष्ठ दाखवून नवीन मुलांना रचना शिकवतो, विनोदाचा विषयही काढत नाही.

व्यंगचित्रकार वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता, आणि ते त्यांच्या रेषेत दिसतं. एकही रेघ भार पेलल्याशिवाय उभी नसते. ‘ललित’मध्ये जयवंत दळवींच्या विनोदी सदरातला ‘ठणठणपाळ’ त्यांनीच रेखाटला. ‘ललित’च्या दिवाळी अंकांवरची त्यांची साहित्यिकांची चित्रं बघायची तर आधी त्या माणसांचं लेखन थोडं माहीत हवं, मग मजा दुप्पट. आणि १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या ‘आवाज’मधल्या खिडक्या. पानाला कापून खिडकी केलेली, त्यातून खालच्या पानाचा तेवढाच तुकडा दिसतो, मनात भलतंच येतं. पान उलटलं की अगदी साधं काहीतरी निघतं. वाचक स्वतःच्याच मनाला हसतो. त्यासाठी दोन्ही चित्रं एकावर एक धरून, दिव्यासमोर उजेडात बघून जुळवावी लागत. बाइंडिंगमध्ये पान जरासं सरकलं की विनोद गेला.

मुखपृष्ठावरच्या अक्षरांकडेही एकदा बघा. देवनागरीचे शिशाचे मोठे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, मोजकेच मिळायचे, म्हणून मासिकांची नावं, कथांची शीर्षकं हाताने काढत. कमल शेडगे यांनी तर अक्षरांनाच चेहरे दिले. मला त्यात गती नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

जुन्याची ओढ यात नाही का? आहे ना. आजीच्या हातचा वास ट्रंकेत आहे, तो चित्रालाही लागलेला आहे, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण सगळंच जुनं चांगलं होतं असं म्हणणं या कलेवर अन्याय होईल. त्या काळी शेकड्यांनी वाईट मुखपृष्ठंही निघाली. तुमच्या साठ अंकांतच पंधरा-वीस अशी सापडतील : तीच गोरी, नाकीडोळी नीटस बाई, तोच चेहरा, तोच दागिना, हातात तबक, आत मात्र गिरणी कामगाराची किंवा परित्यक्तेची कथा. ‘सत्यकथे’सारखी मोजकी मासिकं या वाटेला गेली नाहीत. सावळी, थकलेली, चष्मा लावलेली बाई मुखपृष्ठावर यायला फार वर्षं लागली, याचं मला चित्रकार म्हणून वाईट वाटतं. मीही ती बाई उशिरा काढली.

पण दिव्याची बाई चांगल्या हातात पडली की काय होतं तेही बघा. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं समई घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते मुखपृष्ठ नव्हे, पण पुढच्या कित्येक मुखपृष्ठांची ती आई आहे. दिव्याचा उजेड खालून येतो, हनुवटी आणि नाकाची खालची बाजू उजळते, बोटांच्या कडा लाल होतात. छापताना ज्योतीची जागा कागदाची कोरी सोडायची, भोवती फक्त पिवळं, मग लाल चढत जाणारं. कोणतीच शाई कोऱ्या कागदाहून उजळ नसते. तुमच्या अंकांतल्या ज्योती भिंगातून तपासा. जिथे कागद कोरा आहे ती ज्योत आजही पेटलेली दिसेल, जिथे पांढरा रंग लावून मग छापलंय तिथे ती मळलेली असेल.

आता जपण्याचं.

कापायचं नाही ते अशासाठी की मुखपृष्ठाचा अर्थ आत आहे. अनुक्रमणिकेच्या पानावर किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘मुखपृष्ठ’, ‘सजावट’, ‘ब्लॉक्स’ अशी नावं असतात. मुखपृष्ठ सुटं केलं की ते अनाथ होतं. चांगली चित्रं निनावी झालेली मी फार पाहिली आहेत. ग्रंथालयांत तर बांधणी करताना मुखपृष्ठं काढूनच टाकत, त्यामुळे घरातल्या ट्रंकेत टिकलेला अंक कधी कधी तेवढाच उरलेला असतो.

मधल्या पिना गंजल्या असतील, त्या कागद खातात. बोथट सुरीच्या टोकाने त्यांचे पाय हळूच उचला आणि पिना काढा. पानं पांढऱ्या सुती दोऱ्याने सैल बांधली तरी चालतील. फाटलेल्या जागी सेलोटेप मुळीच नको, तो पाच-दहा वर्षांत तपकिरी डाग पाडतो. लॅमिनेशन तर करूच नका. अंक आडवे ठेवा, एकावर एक दहापेक्षा जास्त नको, दोन अंकांच्या मध्ये आम्लविरहित पातळ कागद. डांबराच्या गोळ्या अंकाला टेकू देऊ नका. ट्रंक लोखंडी असेल तर पावसाळ्यात तळाला दव धरते. तळाशी लाकडी पट्ट्या टाका आणि वर्षातून दोनदा कोरड्या दिवशी उघडून सावलीत वारा द्या. उन्हात नको. पिवळी आणि लाल शाई उन्हाने आधी उडते, निळी आणि काळी मागे राहते. दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षं ठेवलेल्या जुन्या चित्रांतले देव आणि नट निळे झालेले तुम्ही पाहिले असतील. भिंतीवर लावलेल्या मुखपृष्ठाचं तेच होणार.

भिंतीवर हवंच असेल तर स्कॅन करून त्याची प्रत लावा. इंचाला ६०० ठिपके ठेवा, अंक काचेवर दाबू नका, आणि सगळं पान घ्या, कडांसकट. कडेला कधी कधी रजिस्टरच्या खुणा किंवा सरकलेल्या रंगाची रेघ राहिलेली असते, ती पुसू नका. प्रत घरात लावायला कुणाची हरकत नसेल, पण ती विकायचा किंवा कपड्यांवर छापायचा विचार असेल तर थांबा. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. म्हणजे दलालांच्या बाबतीत २०३१ संपेपर्यंत आणि १९७६ साली गेलेल्या मुळगावकरांच्या बाबतीत २०३६ संपेपर्यंत. शिवाय काही चित्रांचे हक्क प्रकाशकाकडे असू शकतात. आधी विचारा, मग छापा.

ब्लॉकचा अंक कोणता आणि ऑफसेटचा कोणता हेही तुम्हाला ओळखता येईल. आतलं चित्र असलेलं पान उलटं करा आणि डोळे मिटून बोट फिरवा. ब्लॉक कागदात दाबला जायचा, म्हणून मागच्या बाजूला रेघा बोटाला लागतात. भिंगातून पाहिलं तर काळ्या रेघेच्या कडेला शाई जरा दाट जमलेली असते. ऑफसेटचं पान सपाट लागतं. तुमच्या ट्रंकेत हा बदल कोणत्या वर्षाच्या अंकात येतो ते नोंदवून ठेवा, आणि त्या वर्षानंतर रेघ कशी बदलली तेही बघा. बारीक होते, धीट होते की घाबरते.

या सगळ्यासाठी एक साधी वही करा. अंकाचं नाव, वर्ष, किंमत, मुखपृष्ठ कुणाचं, आतली चित्रं कुणाची, सही कशी आहे, ब्लॉक कुणी केले. सही ओळखता आली नाही तर ती तशीच वहीत गिरवून ठेवा. आणि आजीने पहिल्या पानावर पेन्सिलीने कुणाचं नाव, तारीख, ‘वाचून परत करणे’ असं काही लिहिलं असेल, तर तेही जसंच्या तसं उतरवा. वही भरली की मला दाखवा. दलालांची जी मुखपृष्ठं मी फक्त ऐकून आहे, त्यातलं एखादं तुमच्याकडे असेल अशी आशा मला हे लिहिताना सारखी वाटते आहे.